ब्रँडी स्टेशनचा हिवाळा: कंपनीच्या कॅप्टननं छावणीतले पाच महिने कसे काढायचे

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या नोव्हेंबरअखेर, उत्तरेच्या जनरल जॉर्ज मीडनं रॅपिडान नदी ओलांडून दक्षिणेच्या जनरल लीच्या सैन्यावर चाल केली. माइन रन नावाच्या ओढ्याकाठी लीचे मोर्चे इतके भक्कम निघाले की हल्ला रद्द करावा लागला. डिसेंबर उजाडताच उत्तरेकडचं ‘आर्मी ऑफ द पोटोमॅक’ माघारी फिरलं आणि रॅपहॅनक व रॅपिडान या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, व्हर्जिनियातल्या कल्पेपर परगण्यात बसलं. ब्रँडी स्टेशन या लहानशा रेल्वे स्थानकाभोवती लाखभर माणसांचा मुक्काम पडला, तो हलला थेट ४ मे १८६४ ला.

अमेरिकेच्या यादवी युद्धावर कथा, नाटक किंवा पटकथा लिहिणाऱ्यांसाठी आणि त्या काळची सैनिकी पत्रं नीट समजून वाचू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. याच युद्धानं अमेरिकेचा कापूस अडवला, मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. तेव्हा आपल्या वाचकाला ते अगदीच परकं नाही. पण मराठीत त्यावर जे थोडं लिहिलं जातं त्यात लढायाच फार असतात. सैनिकाच्या आयुष्यात लढाईचे दिवस मोजके, छावणीचे महिने मात्र भरपूर.

समजा, तुम्ही पायदळाच्या एका पलटणीत कॅप्टन आहात. कंपनी कागदावर शंभराची, प्रत्यक्ष हजेरीला चाळीसच्या आसपास. हाताखाली दोन लेफ्टनंट, पाच सार्जंट आणि काही कॉर्पोरल. माझं ठाम मत आहे की अधिकाऱ्याची पारख लढाईइतकीच, किंबहुना जास्त, या महिन्यांत होते. या युद्धात लढाईत कामी आलेल्या एकेका माणसामागे साधारण दोघं आजारानं गेले. डिसेंबरात खणवून घेतलेला चर आणि जानेवारीत भांडून मिळवलेले कांदे यांनी वाचवलेली माणसं कुठल्याच युद्धवृत्तान्तात दिसत नाहीत.

पायरी पहिली: जागा ताब्यात घ्या

पलटणीला जागा वरून नेमून मिळते, पण त्या जागेत कंपनीची गल्ली कशी बसवायची हे पुष्कळसं तुमच्या हातात असतं. आराखडा नियमावलीत ठरलेला आहे. दर कंपनीची एक गल्ली, दोन्ही बाजूंना शिपायांच्या झोपड्या, त्यामागे भटारखाने, त्यामागे कंपनी अधिकाऱ्यांची रांग आणि सगळ्यात मागे कर्नल व त्याचा कारभार. शिपायांचे शौचखड्डे छावणीच्या पुढे १५० पावलांवर, अधिकाऱ्यांचे मागच्या बाजूला.

आधी उतार पाहा. व्हर्जिनियाची लाल चिकणमाती पावसात घोट्यापर्यंत ओढून घेते, म्हणून प्रत्येक झोपडीभोवती पन्हळ आणि गल्लीच्या दोन्ही कडांना चर हवेत. गल्लीवर आडवे ओंडके लावून लाकडी रस्ता करून घेतला तर निम्मी कटकट मिटते. १८६३ च्या जानेवारीत याच सैन्याची एक आख्खी मोहीम चिखलात रुतून परत आली होती, त्यामुळे चिखलाचं महत्त्व इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

लाकडाची मात्र घाई करा. लाखभर माणसं एकाच वेळी घरं बांधतात आणि अहोरात्र शेकोट्या पेटवतात. आधी शेतांची कुंपणं जातात, मग जवळची झाडी. फेब्रुवारीपर्यंत जळणासाठी कोसभर चालावं लागतं. पहिल्याच दिवशी चांगल्या कुऱ्हाडी मिळवणारी कंपनी हिवाळाभर सुखात राहते.

पायरी दुसरी: घर बांधा, आणि धुराड्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला

शिपाई चौघं मिळून एक झोपडी बांधतात. ओंडक्यांच्या भिंती आणि वर प्रत्येकाच्या वाट्याचं तंबूचं अर्धं कापड जोडून केलेलं छप्पर. अधिकाऱ्याला उभ्या भिंतींचा मोठा तंबू मिळतो, साधारण नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद. बहुतेक जण चार-पाच फूट उंचीच्या ओंडक्यांच्या भिंती उभारून तोच तंबू छपरासारखा वर चढवतात. ओंडके टोकांना खाचा पाडून एकमेकांत बसवायचे, फटी चिरफळ्या आणि चिखलानं लिंपायच्या. दोघा लेफ्टनंटांनी मिळून एक घर करावं, कॅप्टननं स्वतःचं वेगळं करावं, कारण कंपनीची कचेरीही तिथेच भरणार असते.

आता धुराडं. यात चूक झाली तर पाच महिने डोळे चोळत बसावं लागतं. चुलीचं तोंड दगडांचं असावं. पडक्या घराच्या विटा मिळाल्या तर उत्तम. दोन्ही नसेल तर ओल्या, जाड ओंडक्यांची चौकट करून तिला आतून वीतभर चिखल थापायचा. त्यावर चिरफळ्यांचा चौकोनी बुंधा चढवायचा: दोन आडव्या, त्यांच्या टोकांवर दोन उभ्या, पुन्हा दोन आडव्या. प्रत्येक थराला आतून गिलावा करतच वर जायचं. सगळं रचून झाल्यावर आत हात पोहोचत नाही, हे नवशिक्यांच्या लक्षात फार उशिरा येतं. बुंधा छपराच्या कण्याच्या वर गेलाच पाहिजे. तेवढी उंची साधत नसेल तर तळ काढलेलं पिंप वर बसवायचं. या छावणीची जी छायाचित्रं टिमथी ओसलिव्हन आणि इतरांनी काढली, त्यांत अशी पिंपं घरांच्या डोक्यावर जागोजाग दिसतात. लिहिणाऱ्यांनी ती छायाचित्रं जरूर मोठी करून पाहावीत.

पिंप पिठाचं असलेलं बरं. खाऱ्या डुकराच्या मांसाचं पिंप चरबीनं मुरलेलं असतं, एक ठिणगी लागली की भडकतं, आणि खाली कापडाचं छप्पर असतं. म्हणून दाराशी एक लांब काठी कायम ठेवायची. पिंप पेटलं की ते बाहेरच्या बाजूला ढकलून पाडायचं, पाणी शोधत बसायचं नाही.

चूल पेटवायची घाई नको. पहिले दोन-तीन दिवस बारीक विस्तव ठेवून गिलावा सुकू द्यावा. एकदम मोठा जाळ केला की चिखल तडकतो आणि तडा गेला की आतलं लाकूड आग धरतं.

बाकीचं सामान झटपट होतं. सैन्याच्या कडक बिस्किटांच्या ५० पौंडी पेट्या मोडून जमीन, टेबल आणि फडताळ होतं. जुन्या बुटांच्या चामड्याची बिजागरी. जमिनीत चार फाटे रोवून त्यावर लवचिक काठ्या, काठ्यांवर पाइनच्या डहाळ्या, मग पेंढा मिळाल्यास पेंढा, खाली रबरी चादर आणि वर दोन कांबळी असा पलंग. दिव्यासाठी संगीन भिंतीत खुपसायची, तिच्या पोकळ बुडात मेणबत्ती फिट्ट बसते.

पायरी तिसरी: जेवणाची सोय स्वतः करा

हे वाचकांना नेहमी चकित करतं. शिपायाला शिधा सरकारी मिळतो: दिवसाला १२ औंस खारं डुकराचं मांस किंवा सव्वा पौंड गोमांस, पौंडभर कडक बिस्किटं किंवा त्याऐवजी मऊ पाव, शिवाय कॉफी, साखर, घेवडा, मीठ. अधिकाऱ्याला यातलं काहीच फुकट मिळत नाही. कॅप्टनचा महिन्याचा मोबदला भत्त्यांसह ११५ डॉलर ५० सेंट, शिपायाचा १३ डॉलर. पण अधिकाऱ्यानं गणवेश, तलवार, अंथरूण आणि अन्न हे सगळं त्यातूनच बघायचं, घरी पैसे पाठवायचे, आणि पगार वाटणारा अधिकारी महिनोन्‌महिने उगवला नाही तरी तोंडातून शब्द काढायचा नाही.

म्हणून चार-पाच अधिकाऱ्यांनी मिळून मेस चालवावी. एकानं महिनाभर खजिनदार व्हावं, सगळ्यांनी आगाऊ सारखी वर्गणी द्यावी, खर्च वहीत मांडावा. सामान ब्रिगेडच्या, म्हणजे काही पलटणी मिळून होणाऱ्या तुकडीच्या, कोठारातून सरकारी भावानं रोखीत घ्यावं. सटलर, म्हणजे पलटणीसोबत राहणारा परवानाधारक दुकानदार, डबाबंद फळं, लोणी, फळं भरून भाजलेल्या ‘पाई’ आणि तंबाखू ठेवतो, पण भाव मनाला येईल तो लावतो. त्याच्याकडे महिनाअखेरी मोठी उधारी साचू देऊ नये. घरून ॲडम्स एक्सप्रेस या खासगी पार्सल कंपनीनं आलेली पेटी ही हिवाळ्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट असते. त्यात केक, लोणचं, मोजे आणि जॅम असतं. वाटेत दारूसाठी पेट्या उघडून तपासतात, त्यामुळे अर्ध्या वस्तू फुटून येतात.

मेसचा स्वयंपाकी बहुधा गुलामगिरीतून पळून आलेला किंवा सैन्य आल्यामुळे मोकळा झालेला काळा माणूस असतो. तुमच्या कथेत तो पार्श्वभूमीला भांडी घासत उभा राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कालपर्यंत त्याच परगण्यात तो कुणाची तरी मालमत्ता होता. त्याची बायको-मुलं कदाचित रॅपिडानच्या पलीकडे अजूनही आहेत. वाटा, नद्यांचे उतार, कुठल्या घरात कोण राहतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याचा पगार ठरवा आणि वेळेवर द्या. नोकरासाठीचा भत्ता तुमच्या मोबदल्यात धरलेला असतोच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती या माणसाच्या सुटकेसाठी त्यांनी जे केलं त्याबद्दलच. पुण्यातून जोतीरावांना जे इतकं स्पष्ट दिसलं, ते ब्रँडी स्टेशनच्या मेसमध्ये बसलेल्या काही अधिकाऱ्यांना दिसत नव्हतं. पत्रांत ते या माणसांबद्दल तुच्छतेनं लिहितात. लेखकानं ते लपवू नये.

कडक बिस्किट कसं खायचं हे शिपायांकडून शिकून घ्या. पाण्यात भिजवून, डुकराच्या चरबीत परतून, वर जमल्यास साखर. कॉफीच्या बिया बादलीत घालून बंदुकीच्या दस्त्यानं कुटायच्या.

पायरी चौथी: सकाळचा कागद आठच्या आत

उजाडताना बिगूल होतो. गल्लीत हजेरी पहिला सार्जंट घेतो, पण एका अधिकाऱ्यानं तिथे उभं राहायचं असतं. कॅप्टननं रोज जाण्याची सक्ती नाही, तरी मी म्हणेन की जावं. कोण खोकतोय, कोणाच्या पायात बूट नाहीत, कोण रात्रभर झोपलेला दिसत नाही, हे कागदावर कधीच उमटत नाही.

हजेरीनंतर नाष्टा, मग आजाऱ्यांचा बिगूल. सार्जंट आजाऱ्यांना डॉक्टरकडे नेतो. डॉक्टर कुणाला रुग्णालयात, कुणाला झोपडीतच विश्रांतीवर, कुणाला कामावर पाठवतो. त्यावरून सकाळचा अहवाल तयार होतो: कामावर किती, आजारी किती, कैदेत किती, रजेवर किती, विनापरवाना गैरहजर किती. काल आणि आज यांच्या आकड्यांत फरक असेल तर त्या फरकातल्या प्रत्येक माणसाचा हिशेब लागला पाहिजे. खाली पहिल्या सार्जंटची आणि तुमची सही. हा कागद आठच्या आत ॲडज्युटंटच्या, म्हणजे पलटणीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर. दहा कंपन्यांचे दहा कागद जुळवून पलटणीचा एक होतो, पलटणींवरून ब्रिगेडचा, आणि अशी बेरीज चढत चढत मीडच्या मुख्यालयापर्यंत जाते. तुमची एक चूक दुपारपर्यंत तुमच्याकडे परत येते.

याखेरीज वह्या आहेत. वर्णनाच्या वहीत प्रत्येक शिपायाचं वय, उंची, डोळ्यांचा नि केसांचा रंग, जन्मगाव, धंदा आणि भरतीची तारीख. माणूस पळाला तर पकडायला हीच वही उपयोगी पडते. कपड्यांच्या वहीत कोणी काय उचललं ते, कारण शिपायाला वर्षाला ४२ डॉलरांचे कपडे मिळतात आणि त्यापुढचं पगारातून कापलं जातं. दर दोन महिन्यांच्या शेवटच्या दिवशी पगाराच्या हजेरीपटाची तपासणी होते. त्या पटात ज्याचं नाव चुकलं त्याच्या घरी पैसे जात नाहीत, म्हणजे ओहायो किंवा मेनमधल्या एखाद्या घरात चूल अडते. आणि शस्त्रं, पट्टे, तंबू, किटल्या यांचा ताबा तुमच्या नावावर असतो. हरवलेल्या वस्तूची समाधानकारक हकीकत देता आली नाही तर भरपाई तुमच्या खिशातून. मोहिमेत गेलेल्या वस्तूंची कागदं हिवाळ्यातच निकाली काढा. अनेक चांगले अधिकारी गोळीला घाबरले नाहीत, पण या हिशेबानं टेकीला आले.

सर्वांत जड काम रात्री करायचं असतं. शिपाई मेला की त्याच्या वस्तूंची यादी करायची, त्याचा पगाराचा अखेरचा हिशेब लिहायचा आणि घरी पत्र टाकायचं. ते लेफ्टनंटवर सोपवू नका.

पायरी पाचवी: घाण दूर, भाजी जवळ

शौचखड्डे खणून झाले म्हणजे काम झालं असं नाही. थंडीत, अंधारात १५० पावलं जायचा कंटाळा येतो आणि माणसं झोपडीमागेच बसतात. इथे कॅप्टनचा कडकपणा कामी येतो. खड्ड्यांवर रोज माती, भोवती डहाळ्यांचा आडोसा, भटारखान्याच्या सांडपाण्याला वेगळा खड्डा, आणि उघड्यावर बसणाऱ्याला शिक्षा. पाणी वरच्या अंगाचं प्यायला, मधलं स्वयंपाकाला, खालचं जनावरांना आणि धुण्याला. आमांश, अतिसार आणि विषमज्वर यांचा आणि घाण पाण्याचा संबंध डॉक्टर अनुभवानं ओळखत होते. जंतूंचं शास्त्र त्यांच्या हाती अजून आलेलं नव्हतं.

कोरडी, उन्हाची सकाळ मिळाली की छपराची कापडं उतरवून झोपड्या उघड्या करायला लावा. शिपाई कुरकुरतात, कारण ऊब जाते. तरी करवून घ्या.

आदल्या हिवाळ्यात मीडच्या आधीच्या सेनापतीनं, जनरल हूकरनं, हुकूम काढला होता: आठवड्यातून चार वेळा मऊ पाव, दोन वेळा बटाटे किंवा कांदे. रेल्वे शेजारून जात असताना हे न मिळण्याचं कारण एकच असू शकतं, वाटेत कुणीतरी आळस करतंय किंवा खातंय. क्वार्टरमास्टर (सामान पुरवणारा अधिकारी) आणि कोठारवाला यांच्या मागे लागणं हा तुमच्या कर्तव्याचा भाग समजा. नदीच्या दक्षिणेला लीचे शिपाई त्याच थंडीत पाव पौंड मांसावर आणि थोड्या मक्याच्या पिठावर दिवस काढत होते, अनेकांच्या पायांत बूट नव्हते. त्यांच्या अधिकाऱ्यांकडे भांडून मिळवण्याजोगं कोठारच नव्हतं.

पायरी सहावी: पहाऱ्याची पाळी

छावणीभोवती मैलोगणती पसरलेल्या पहाऱ्याच्या रांगेवर तुमची पाळी ठरावीक दिवसांनी येते, साधारण तीन दिवसांची. घरातली चूल सोडून उघड्यावर. जाण्याआधी प्रत्येकाची काडतुसं कोरडी आहेत ना हे हातानं तपासा, तीन दिवसांचा शिधा घ्या, परवलीचा शब्द फक्त ज्यांना हवा त्यांनाच द्या. रात्री रांगेवरून एकदा तरी स्वतः फिरा. शेवटच्या चौकीपर्यंत जा. पहिल्या दोन चौक्यांवरचे लोक नेहमीच जागे असतात.

नदीपलीकडचे पहारेकरी हाका मारतात. इकडची कॉफी तिकडे, तिकडची तंबाखू इकडे, शिवाय वर्तमानपत्रांची अदलाबदल. हे हुकमाविरुद्ध आहे. बहुतेक अधिकारी काणाडोळा करत, पण बातमी फुटली तर जबाबदारी तुमची. मागच्या बाजूचं भयही विसरू नका: दक्षिणेच्या मॉस्बी या छापामार अधिकाऱ्याचे घोडेस्वार रांगेच्या आत शिरून एकटेदुकटे लोक उचलून नेत.

पायरी सातवी: वेळ घालवू नका, भरा

दुपारी कवायत, संध्याकाळी पलटणीची परेड, हवा बरी असेल तर. रात्री अधिकाऱ्यांचा वर्ग भरतो आणि कर्नल कवायतीचे नियम तोंडपाठ म्हणून घेतो. याशिवाय लष्करी न्यायालयावर बसणं आहे. सक्तीच्या भरतीतून किंवा दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्या जागी आलेल्यांपैकी काही पळून जातात, पकडले जातात, आणि काहींना आख्ख्या डिव्हिजनसमोर (काही ब्रिगेड मिळून एक डिव्हिजन) गोळ्या घालतात. त्या दिवशी तुमच्या माणसांना तिथे नेऊन उभं करायचं असतं.

याच हिवाळ्यात तीन वर्षांची मुदत संपत आलेल्या जुन्या शिपायांना पुन्हा भरती होण्यासाठी ४०० डॉलरांहून थोडं अधिक बक्षीस आणि ३० दिवसांची रजा देऊ केली होती. पलटणीतले तीन चतुर्थांश तयार झाले तर पलटण आपलं नाव राखून एकत्र घरी जाऊन येई. शिपायांशी बोलताना दबाव टाकू नका. मोकळेपणानं मुदत, पैसा आणि धोका तिन्ही सांगा. पुढे काय वाढून ठेवलंय हे कोणालाच माहीत नव्हतं.

स्वतःच्या रजेचा अर्ज लवकर टाका. दहा-पंधरा दिवसांच्या रजेसाठी तो पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर (काही डिव्हिजन मिळून एक) अशा सगळ्या टेबलांवरून सरकतो. पत्नीला छावणीत आणायचं असेल तर परवाना लागतो. पुष्कळ जणींनी तो हिवाळा ओंडक्यांच्या घरात काढला. २२ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या जयंतीनिमित्त दुसऱ्या कोअरनं खास मंडप उभारून नाचाचा समारंभ केला, त्याला उपराष्ट्रपती हॅनिबल हॅम्लिनही आले. अवघ्या पंधरा दिवसांपूर्वी त्याच कोअरचे लोक मॉर्टन्स फोर्डच्या चकमकीत पडले होते. त्या रात्रीचं वर्णन लिहिणार असाल तर दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा.

रात्री शेवटचा बिगूल होतो आणि दिवे मालवले जातात. ती धून तेव्हा नवीच होती. १८६२ च्या जुलैत याच सैन्यात जनरल बटरफिल्डनं ती बसवून घेतली होती.

पायरी आठवी: एप्रिलमध्ये घर मोडा

मार्चमध्ये दोन मोठे बदल होतात. जनरल ग्रँट उत्तरेच्या सगळ्या सैन्यांचा सेनापती होऊन कल्पेपरला मुक्कामाला येतो, आणि पाच कोअर मोडून तीन केल्या जातात. तुमची पलटण मोडलेल्या पहिल्या किंवा तिसऱ्या कोअरमधली असेल, तर शिपायांचं मन सांभाळणं हे त्या महिन्याचं मुख्य काम.

एप्रिलमध्ये सटलरांना आणि स्त्रियांना छावणी सोडायचा हुकूम येतो. हिशेब चुकते करा. जादा कपडे, पुस्तकं, लोखंडी शेगडी घरी पाठवा. मोठा तंबू परत जातो, यापुढे तुम्हीही शिपायासारख्या अर्ध्या कापडाखाली झोपणार. कंपनीच्या वह्या गाडीत जातात, त्या पुन्हा कधी हाती लागतील याचा नेम नसतो, म्हणून नावांची एक यादी सार्जंटच्या खिशात असू द्या. प्रत्येकाकडून बंदूक भरून झाडून घ्या. गेटिसबर्गच्या रणांगणावर एकावर एक दोन-तीन बार ठासलेल्या बंदुका सापडल्या होत्या. घाबरलेला माणूस बार उडाला की नाही हे न पाहताच पुन्हा ठासतो, आणि ही सवय सरावानंच मोडते.

३ मेच्या मध्यरात्रीनंतर निघायचं आहे. त्याआधी तपासा: प्रत्येकाच्या अंगावर ५० काडतुसं, खांद्यावरच्या पिशवीत तीन दिवसांचा पूर्ण शिधा, पाठीवरच्या पिशवीत आणखी तीन दिवसांची बिस्किटं, कॉफी आणि साखर. ज्यांचे बूट महिनाभर टिकणार नाहीत त्यांना नवे द्या. रात्रीच्या वाटचालीत नव्या बुटांचे फोड येतात, म्हणून ते निदान आठवडाभर आधी पायात हवेत. मांस गुरांच्या रूपानं मागून चालत येईल. जर्मॅना फोर्डला नदी ओलांडली की समोर वाइल्डरनेसचं जंगल लागतं. ५ आणि ६ मेच्या दोन दिवसांत तिथे उत्तरेची सतरा हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. ७ मेचा सकाळचा अहवालही सार्जंटकडून भरून घ्या, आणि कालच्या आकड्याशी जो फरक दिसेल त्यातल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहा.